उकळत्या झऱ्याचा खंड कोणी घ्यावा?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

अर्थशास्त्राच्या माणसाने जिवाणूंवर बोलावे याचे आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. मला स्वतःलाही प्रारंभी वाटले. परंतु मालकी कोणाची, श्रम कोणाचे आणि लाभ कोणाचा हे तीन प्रश्न जेथे जेथे उपस्थित होतात, तेथे तेथे अर्थशास्त्राचा संबंध येतोच. आणि हे प्रश्न आज डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांच्या बाबतीतही उपस्थित झाले आहेत.

आरंभ आपल्या सर्वांच्या अनुभवातील गोष्टीने करतो. २०२० सालच्या महामारीत आपणांपैकी बहुतेकांनी नाकातील स्रावाची चाचणी करून घेतली असेल. मार्च २०२० मध्ये खाजगी प्रयोगशाळांनी या चाचणीसाठी ४५०० रुपयांपेक्षा अधिक आकारू नयेत, अशी मर्यादा भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने घातली. पुढे महाराष्ट्र शासनाने ही किंमत टप्प्याटप्प्याने उतरवली आणि मार्च २०२१ च्या अखेरीस ती, प्रयोगशाळेत जाऊन नमुना दिल्यास, ५०० रुपयांवर आणली. एका वर्षात एकाच चाचणीची किंमत नवव्या हिश्शावर आली. पुरवठा वाढला, साहित्य देशात तयार होऊ लागले ही कारणे खरीच आहेत. पण शासनाने हस्तक्षेप केला नसता तर ती कपात रुग्णाच्या पदरात कितपत पडली असती, याचा विचार आपणच करावा.

या चाचणीचा प्राण म्हणजे एक विकर, ज्याला आपण बोलताना एन्झाइम म्हणतो. विकर म्हणजे सजीवाच्या पेशीत तयार होणारे असे प्रथिन, की जे रासायनिक क्रिया घडवून आणते पण स्वतः खर्ची पडत नाही. दुधाचे चीज करणारे रेनेट हे विकरच, आणि मोड आलेल्या धान्यातील पिष्टाची साखर करणारेही विकरच. मात्र बहुतेक विकरे नाजूक असतात. अंडे उकडले की त्याचा बलक पूर्वस्थितीत येत नाही, तसेच उष्णतेने विकराची घडी मोडली की ते निकामी होते. कारखान्यात तर उष्णता असते, सोडा असतो, मीठ असते. तेथे टिकणारी विकरे शोधायची, तर जेथे अशाच परिस्थितीत जीव राहतात तेथेच जावे लागते. उकळते झरे, क्षारयुक्त सरोवरे, मिठागरे, बर्फाळ समुद्र ही ती ठिकाणे होत.

अमेरिकेतील यलोस्टोन हे अशांपैकी सर्वांत प्रसिद्ध ठिकाण. शोशोनी आदी मूळ रहिवाशांना दूर सारून १८७२ साली ते राष्ट्रीय उद्यान म्हणून राखून ठेवण्यात आले. त्यामुळे तेथील गरम झरे कोणा हॉटेलवाल्याच्या मालकीचे झाले नाहीत, हेही नोंदवले पाहिजे. १९६६ साली इंडियाना विद्यापीठातील थॉमस ब्रॉक आणि त्यांचा विद्यार्थी हडसन फ्रीझ यांनी तेथील एका झऱ्यातून सुमारे ७० अंश सेल्सियसला सुखाने वाढणारा एक जिवाणू वेगळा केला. इतक्या उष्णतेत असे जीव वाढत असतील हे तोवर फारसे कोणाच्या मनात आले नव्हते. त्यांनी त्याला थर्मस अ‍ॅक्वाटिकस असे नाव दिले, १९६९ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याचे वाण सूक्ष्मजीवांच्या एका संग्रहात ठेवून दिले, जेणेकरून कोणाही संशोधकाला ते मिळावे. या कामाला पैसा सरकारी विज्ञान अनुदानाचा होता. पेटंट घेण्याचा विचार ब्रॉक यांनी केला नाही. जीव कोणत्या टोकापर्यंत तग धरू शकतो, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

दहा वर्षांनी, १९७६ साली, सिनसिनाटी विद्यापीठातील अ‍ॅलिस चिएन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या जिवाणूतून डीएनएची प्रत काढणारे विकर शुद्ध स्वरूपात मिळवले व तेही जगापुढे मांडले. १९८० मध्ये सोव्हिएत रशियातील संशोधकांनीही ते शुद्ध केल्याचे प्रसिद्ध झाले. एका सार्वजनिक उद्यानातील झरा, सार्वजनिक अनुदान, खुला संग्रह आणि खुली नियतकालिके अशी ही साखळी होती.

आता दुसरा अंक पाहू. १९८३ साली कॅलिफोर्नियातील सेटस या कंपनीत नोकरीला असलेल्या कॅरी म्युलिस यांना डीएनएच्या प्रती वेगाने वाढवण्याची युक्ती सुचली. नमुना सुमारे ९५ अंशांपर्यंत तापवायचा, म्हणजे डीएनएचे दोन धागे सुटे होतात. मग थंड करून विकराकडून प्रत्येक धाग्याची प्रत करवून घ्यायची. एकाचे दोन, दोनाचे चार, आणि तीस फेऱ्यांत एका रेणूचे शंभर कोटींहून अधिक. हीच ती पीसीआर पद्धती. अडचण एवढीच होती, की तेव्हा वापरात असलेले विकर माणसाच्या आतड्यातील जिवाणूचे होते. दर तापवणीला ते मरे आणि दर फेरीला नवे घालावे लागे. यलोस्टोनच्या झऱ्यातील विकराने ही अडचण दूर केली. आयुष्यच गरम पाण्यात गेलेले ते विकर ९५ अंशांनाही तग धरून राहिले. सेटसने त्या जिवाणूचे वाण संग्रहातून ३५ डॉलरला घेतल्याचे सांगितले जाते.

हिशेब पाहा. ३५ डॉलरच्या घरातील किमतीत वाण मिळाले. युक्ती शोधणाऱ्या नोकरदाराला, म्हणजे म्युलिस यांना, कंपनीने १०,००० डॉलर बक्षीस दिले. १९९१ साली सेटसने पीसीआरचे हक्क हॉफमन-ला रोश या स्विस औषध कंपनीला ३० कोटी डॉलरना विकले. म्युलिस यांना १९९३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, एवढे खरे. पण तो मान स्टॉकहोमने दिला होता, मालकाने नव्हे. ज्या उद्यानातून जिवाणू आला त्या उद्यानाला यातील एक डॉलरही मिळाला नाही.

त्याहून उद्बोधक गोष्ट पेटंटची आहे. १९८९ साली या विकराचे पेटंटही अमेरिकेत देण्यात आले. एका प्रतिस्पर्धी कंपनीने त्याला न्यायालयात आव्हान दिले आणि १९९९ साली तेथील संघीय न्यायालयाने, अर्जदाराने आधीच्या शास्त्रज्ञांच्या कामाविषयी पेटंट कचेरीची दिशाभूल केली, असा निष्कर्ष काढून ते पेटंट अंमलबजावणीस अपात्र ठरवले. चिएन आणि सोव्हिएत संशोधक यांनी सर्वांसाठी मांडलेले काम एका कंपनीच्या नावावर चढले होते, हे ठरायला दहा वर्षे लागली. त्या दहा वर्षांत प्रयोगशाळांनी मोजलेली किंमत परत कोण देणार?

अशा विकरांचा उपयोग केवळ प्रयोगशाळेत होतो असे नव्हे. आपल्या घरातील कपडे धुण्याच्या पावडरीत ती असतात. सोड्याच्या पाण्यात काम करणारी, रक्ताचे व घामाचे डाग तोडणारी विकरे १९६० च्या दशकात युरोपात बाजारात आली. क्षारप्रिय जिवाणूंचा पद्धतशीर अभ्यास जपानचे कोकी होरिकोशी यांनी १९६८ पासून केला, आणि १९८७ साली जपानमधील काओ कंपनीने अशाच जिवाणूचे विकर घातलेली धुण्याची पावडर विक्रीस आणली. कागदाचा लगदा शुभ्र करताना क्लोरीन कमी लागावा म्हणून १९८६ पासून फिनलंडमधील संशोधकांनी विकरांचा उपयोग सुरू केला. त्या लगद्याचे तापमान व क्षारता सोसणारी विकरे पुढे गरम झऱ्यांतील व क्षारीय पाण्यातील जिवाणूंकडे शोधण्यात आली. चामड्यावरील केस काढण्यासाठी चुना आणि सोडियम सल्फाइड वापरतात. त्याचे सांडपाणी ज्या वस्तीच्या गटारातून वाहते त्या वस्तीला त्याचा अर्थ विचारा. विकरांनी हे सल्फाइड बरेच कमी करता येते. थोडक्यात, हे विज्ञान नदीच्या बाजूचे आणि कामगाराच्या बाजूचे होऊ शकते.

'होऊ शकते' असे मी जाणीवपूर्वक म्हणालो. आपोआप होत नाही. १९६९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मायकेल फ्लिंट यांनी एका ब्रिटिश कारखान्यातील प्रकार मांडला. धुण्याच्या पावडरीत विकरे मिसळणाऱ्या कामगारांना त्या धुळीने धाप लागत होती, दमा जडत होता. गिऱ्हाइकाच्या शर्टावरचा डाग तोडणारे प्रथिन कामगाराच्या छातीत गेले होते. त्यानंतर विकरांचे दाणे करून त्यांवर वेष्टन चढवण्यात आले व धुळीवर नियंत्रण आले. प्रश्न सुटला असे सर्वांना वाटले. परंतु २००० साली त्याच नियतकालिकात, वेष्टित विकरे वापरणाऱ्या एका आधुनिक कारखान्यातही कामगारांत दम्याची साथ आढळल्याचे प्रसिद्ध झाले. 'हरित रसायन' या शब्दाने ज्यांचे समाधान होते त्यांनी हे दोन निबंध शेजारी शेजारी ठेवून वाचावेत.

आता लाभाच्या वाटपाकडे वळू. १९९२ च्या रिओ परिषदेत जैवविविधता करार झाला आणि जैविक संपत्तीवर त्या त्या राष्ट्राचा अधिकार मान्य झाला. गंमत अशी, की अमेरिकेने १९९३ साली त्यावर सही केली, पण त्याला मान्यता मात्र दिली नाही. तरीही १९९७ साली यलोस्टोनने डायव्हर्सा नावाच्या कंपनीशी करार केला. कंपनीने पाच वर्षांत एक लाख डॉलर व पुढील विक्रीवर स्वामित्वधन द्यावे, असे त्यात ठरले. काही नागरिक संघटनांनी त्याविरुद्ध दावा केला. न्यायालयाने १९९९ मध्ये पर्यावरणीय तपासणी होईपर्यंत करार स्थगित केला. २००० मध्ये तो कायद्याला धरून असल्याचा निर्णय दिला. पण नागरिकांची मुख्य तक्रार ध्यानात घ्या: सार्वजनिक उद्यानाच्या करारातील स्वामित्वधनाचे दर जनतेपासून झाकून ठेवले होते. मालक जनता, आणि भाव मात्र जनतेला सांगायचा नाही!

केनियाचेही उदाहरण असेच आहे. तेथील बोगोरिया आदी क्षारयुक्त सरोवरांतून ब्रिटिश संशोधकांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी नमुने नेले. त्यांतून पुढे आलेली विकरे जेनेनकोर या अमेरिकन कंपनीच्या हाती गेली आणि त्यांचा उपयोग जीन्सचे कापड मऊ व फिके करण्यासाठी होऊ लागला. २००४ साली केनियाच्या वन्यजीव सेवेने लाभातील वाटा मागितला. नमुने रीतसर परवानगीने नेले होते की नाही यावर उभय पक्षांत वाद झाला. २००७ साली मात्र नोव्होझाइम्स या डॅनिश कंपनीबरोबर केनियाने लाभवाटपाचा स्वतंत्र करार केला. दंडाची भाषा जेथे थांबली तेथे कराराची भाषा सुरू झाली, ही पुढची पायरी खरी.

आपल्याकडे २००२ साली जैविक विविधता कायदा झाला. जैविक संसाधनांच्या त्यातील व्याख्येत वनस्पती व प्राणी यांच्याबरोबर सूक्ष्मजीवही आहेत. परदेशी कंपनीला चेन्नईच्या राष्ट्रीय प्राधिकरणाची अनुमती लागते. देशी कंपनीलाही लाभाचा न्याय्य वाटा द्यावा लागतो, हे उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१८ साली दिव्य फार्मसीच्या प्रकरणात स्पष्ट केले. आपला पेटंट कायदाही, निसर्गात आढळणारा सजीव केवळ शोधून काढणे याला पेटंटयोग्य शोध मानत नाही. कायदा वाईट नाही. २०२३ च्या दुरुस्तीने त्यातील तुरुंगवासाची तरतूद जाऊन दंड आला, तेव्हा त्याचा धाक किती उरला हा वेगळा प्रश्न आहे.

परंतु मित्रहो, माझा आजचा मुद्दा यापलीकडचा आहे. 'आमच्या झऱ्यातून नेले, आमचा वाटा द्या' ही मागणी न्याय्य असली तरी ती आपल्या विचारांची शेवटची मागणी असू नये. कारण ती मूलतः जमीनदाराची मागणी आहे.

रिकार्डोने खंडाची मीमांसा केली ती जमिनीची मर्यादा धरून. सुपीक जमीन मोजकी असते, म्हणून तिच्या धन्याला काही न करता खंड मिळतो. खाणीतील धातू काढला की कमी होतो, म्हणून त्याचे मोल मागणे रास्त असते. पण जिवाणूचे काय? चमचाभर पाणी नेले तर झरा आटत नाही. प्रयोगशाळेत त्या एका पेशीच्या अब्जावधी पेशी होतात, आणि पुढे तर तिचा केवळ एक जनुक दुसऱ्या जिवाणूत बसवला की झऱ्याकडे परत जाण्याचे कारणही उरत नाही. येथे दुर्मिळता निसर्गाने निर्माण केलेली नाही. ती पेटंटाने, गुप्त कराराने, मक्त्याने निर्माण केली आहे. कृत्रिम दुर्मिळतेतून निघालेल्या नफ्यात शासनाने एक-दोन टक्क्यांचा भागीदार व्हावे, म्हणजे त्या दुर्मिळतेला मान्यताच द्यावी. मग उद्या त्याच शासनाला चाचणीची किंमत ४५०० वरून ५०० वर आणण्याची इच्छा राहील काय?

येथे एक आक्षेप येईल आणि तो प्रामाणिकपणे ऐकला पाहिजे. शोध लागणे वेगळे आणि शोध कारखान्यात उतरणे वेगळे. सेटसच्या शास्त्रज्ञांनी खरे काम केले, पैसा घातला, धोका पत्करला. नफ्याची आशा नसती तर हे कोणी केले असते? यात तथ्य आहे. विकर मोठ्या टाक्यांतून काढणे, शुद्ध करणे, दर खेपेस सारखेच उतरवणे हे कष्टाचे काम आहे आणि त्याचा मोबदला मिळालाच पाहिजे. पण सर्वांत मोठा धोका कोणी पत्करला होता? ज्या झऱ्यात काही सापडेल की नाही हेच ठाऊक नव्हते, त्या झऱ्याकाठी एका प्राध्यापकाला आणि त्याच्या विद्यार्थ्याला बसवण्याचा धोका करदात्यांनी पत्करला होता. धोक्याचे बक्षीस द्यायचे तर पंक्तीत पहिले पान समाजाचे मांडावे लागेल.

म्हणून आपली मागणी खंडाची नव्हे, अटींची असावी. पहिली अट: सार्वजनिक पैशाने वेगळा केलेला जिवाणू सार्वजनिक संग्रहातच राहील आणि त्याचा परवाना एकाच कंपनीला मक्त्याने दिला जाणार नाही. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आणि राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात असे संग्रह आहेत. ते आपले आहेत, याची जाणीव आपल्याला हवी. दुसरी अट: सरकारी रुग्णालयांना व प्रयोगशाळांना त्यापासून बनलेली वस्तू खर्चाच्या किमतीत मिळेल. तिसरी: प्रत्येक करार, त्यातील दरांसह, लोकांपुढे उघडा राहील. चौथी: ज्या कारखान्यात विकरे हाताळली जातात तेथे धुळीचे मोजमाप आणि कामगारांच्या छातीची नियमित तपासणी होईल, आणि तिचा निकाल कामगाराला स्वतःच्या भाषेत मिळेल. पाचवी: ज्या स्थळातून जीव मिळाला त्या स्थळाचे रक्षण हा त्या वस्तूच्या उत्पादनखर्चाचाच भाग मानला जाईल.

शेवटी एक कबुली देतो. १९८० च्या दशकाच्या अखेरीस मी विदर्भातल्या एका महाविद्यालयात शिकवत असताना विद्यार्थ्यांना घेऊन लोणारला गेलो होतो. उल्कापाताने बेसाल्टात खोदले गेलेले ते विवर, त्यातले उग्र वासाचे क्षारयुक्त पाणी. एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, या पाण्याचा उपयोग काय?" आदल्याच दिवशी वर्गात मी मुक्त वस्तूंची व्याख्या शिकवली होती. मी मास्तरी थाटात म्हणालो, "अर्थशास्त्राच्या दृष्टीने, काही नाही."

मी चुकलो होतो, आणि दोनदा चुकलो होतो. ऐन-ए-अकबरीत लोणारचा उल्लेख साबण व काच यांना लागणाऱ्या द्रव्यांसाठी येतो. म्हणजे चारशे वर्षांपूर्वीही त्या पाण्याला अर्थशास्त्र होते. क्षार खरवडणारे हात होते आणि महसूल नेणारे हातही होते. आणि त्याच पाण्यात, माझ्या नाकाला केवळ वास येत होता तेव्हा, सोड्यात सुखाने जगणारे असंख्य जीव काम करत होते. २०२० च्या जून महिन्यात ते पाणी गुलाबी झाले तेव्हा सारे राज्य चकित झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासून सांगितले, की तो रंग क्षारप्रिय सूक्ष्मजीवांचा आहे. त्याच वर्षी लोणार रामसर स्थळ म्हणूनही घोषित झाले. लोणारच्या जिवाणूंची विकरे आपल्या संशोधकांनी तपासली आहेत, तपासत आहेत. त्यांतून उद्या काही मोठे निघेल की नाही, हे भाकीत मी करणार नाही. पण निघाले तर त्याचा हिशेब कोणत्या अटींवर होईल हे आजच ठरवले पाहिजे. यलोस्टोनमध्ये तो प्रश्न विचारायला तीस वर्षे उशीर झाला.

त्यासाठी दिल्लीची वाट पाहण्याचे कारण नाही. कायद्याने प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी लागते आणि लोकांची जैवविविधता नोंदवही तयार करावी लागते. आपल्या गावात ती समिती आहे काय, तिची शेवटची बैठक कधी झाली, नोंदवहीत झाडे, पाखरे, मासे यांच्यापुढे एखाद्या कुंडाची, झऱ्याची, खाजणाची नोंद आहे काय, हे प्रत्येक कार्यकर्त्याने परत गेल्यावर विचारावे. क्षारयुक्त तळ्यात गावाचे सांडपाणी सोडले जात असेल तर ते थांबवणे, हे कोणत्याही पेटंटाहून अधिक मोलाचे काम आहे. कारण पाणी बदलले की त्यातला जीवही जातो, आणि जो जीव आपण ओळखलाच नाही त्याचा हिशेब कोणत्याच वहीत निघत नाही.

त्या विद्यार्थ्याची पुन्हा भेट झाली नाही. झाली असती तर मी त्याला सांगितले असते, की तुझा प्रश्न बरोबर होता, फक्त अपुरा होता. उपयोग काय, हे विचारल्यावर लगेच दुसरा प्रश्न विचारावा लागतो: उपयोग कोणाला?